हिमवाटेवरून धानपट्ट्यात

वैनगंगेच्या काठचं वडसा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आतबाहेर आहे. पलीकडच्या ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि कधीकधी देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत तिचं नाव पहिलं येतं. इथल्या माणसाला थंडी ठाऊक आहे ती पौष-माघातल्या पहाटेची. शेकोटी आणि घोंगडी एवढ्या बंदोबस्तात ती निभावते. बर्फ तुडवत चालणं हा इथल्या कोणाच्याच आयुष्यातला अनुभव नाही, असं सहज म्हणता येईल. पण ते खरं नाही. वडशाच्या ईशान्येला, सकाळी निघून दुपारपर्यंत परत येता येईल एवढ्या अंतरावर, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावाजवळ एक वसाहत आहे. ती उभी करणाऱ्या माणसांनी हिमालयाच्या खिंडी पायी ओलांडल्या होत्या. कागदोपत्री तिचं नाव नॉर्ग्येलिंग. आसपासची गावं तिला तिबेट कॅम्प म्हणतात.

या माणसांची गोष्ट आपण झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याच्या, इतिहासात धरत नाही, याची मला फार खंत वाटते. गोंड राजे, कोहळ्यांचे तलाव, मालगुजारी, दंडार, नाटक-मंडई हे सगळं आपलं, आणि तिबेटी म्हणजे हिवाळ्यात स्वेटर विकणारे लोक, एवढ्यावर आपण थांबतो. पन्नास वर्षांहून अधिक काळ जी माणसं या मातीत रोवणी करतात, त्यांचा इतिहास हा आपल्याच मुलखाचा इतिहास आहे.

त्यांच्या गोष्टीची सुरुवात बर्फात होते. बर्फावरून चालणं ही माणसाची फार जुनी विद्या. इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या हिमनदीत 2003 मध्ये बर्च झाडाच्या फांदीचं, सुतळीने बांधलेलं एक गोलसर कडं सापडलं. तपासणीत ते इसवी सनापूर्वी 3800 ते 3700 या काळातलं निघालं. पायाखाली बांधायचं ते साधन होतं. पाय भुसभुशीत बर्फात रुततो, कारण सगळा भार तळव्याएवढ्या जागेवर पडतो. तोच भार रुंद चौकटीवर पसरला की माणूस वरच्या वर चालू शकतो. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी ही कला पराकोटीला नेली. अ‍ॅश झाडाच्या लाकडाची वाकवलेली चौकट आणि तिच्यात हरणाच्या कच्च्या कातड्याच्या वाद्यांची जाळी. शिकार, व्यापार, गावोगावची ये-जा, सगळं तिच्यावर चालायचं. एकोणिसाव्या शतकात मॉन्ट्रियलच्या गोऱ्या शहरवासीयांनी याच जाळीदार पादत्राणांचे क्लब काढले, शर्यती लावल्या, मशाली घेऊन रात्रीच्या फेऱ्या काढल्या. गरजेची चाल तिथे हौसेची झाली. आज थंड देशांत तो हिवाळ्यातला लोकप्रिय छंद आहे.

तिबेटमध्ये तसं झालं नाही. तिथलं पठार उंच आहे पण कोरडं. हिमालय मोसमी ढग अडवतो, त्यामुळे पठारावर बर्फ पडतो तोही थोडा, आणि वारा तो उडवून नेतो. खरा, कमरेएवढा बर्फ साचतो तो खिंडींत. तिथे तिबेटी माणसाचं साधन म्हणजे याक. जड अंगाचे, आखूड पायांचे याक पुढे हाकायचे, ते छातीने बर्फ फोडत आणि खुरांनी तुडवत जातात, मागून माणसं आणि बाकीची जनावरं चालतात. पायात गुडघ्यापर्यंतचे लोकरी बूट, त्यांना कातड्याचा तळवा, आणि ऊब राहावी म्हणून आत कोरडं गवत. उन्हात चकाकणाऱ्या बर्फाने डोळे जातात, म्हणून याकच्या केसांची विणलेली काळी पट्टी डोळ्यांवर. काश्मीरमध्ये तर बर्फावर पाय घसरू नये म्हणून भाताच्या पेंढ्याच्या चपला वळायचे. आपल्याकडे जी तणस गुरांपुढे पडते किंवा खळ्यावर ढीग लावून ठेवतात, तीच तिथे हिवाळ्यात पायात जायची.

एवढी तयारी व्यापाऱ्यासाठी, यात्रेकरूसाठी पुरेशी होती. त्याला मुहूर्त निवडता यायचा, हवा बघून थांबता यायचं. 1959 च्या मार्चमध्ये निघालेल्या माणसांना यातलं काहीच करता आलं नाही.

10 मार्च 1959 रोजी ल्हासातल्या नोर्बुलिंका या उन्हाळी राजवाड्याभोवती हजारो लोक जमले. चिनी लष्करी छावणीतल्या कार्यक्रमाला दलाई लामांना बोलावलं होतं आणि त्यांना तिथून परत येऊ दिलं जाणार नाही अशी लोकांची खात्री झाली होती. 17 मार्चच्या रात्री तेवीस वर्षांचे दलाई लामा साध्या सैनिकाच्या वेशात, चष्मा काढून, बाहेर पडले. क्यिचू नदी त्यांनी कातडी होडीतून ओलांडली. मग दोन आठवडे डोंगरांतून प्रवास. ल्हासात तोफा सुरू झाल्याची बातमी त्यांना वाटेत कळली. ल्हुंत्से झोंग या किल्ल्यात त्यांनी आपलं सरकार जाहीर केलं, आणि नंतरच्या खिंडींत त्यांना हिमवादळ लागलं. शेवटच्या टप्प्यात ते आजारी होते, घोड्यावर बसवेना, म्हणून त्यांना झो या याक आणि गाय यांच्या संकरातल्या जनावरावर बसवून आणलं. 31 मार्चला ते भारताच्या हद्दीत शिरले. तवांग, तेजपूर आणि तिथून रेल्वेने मसुरी, हा पुढचा प्रवास त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी जगभर पोचवला.

त्यांच्या मागून सुमारे 80 हजार माणसं आली. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांना फारसं लिहिता आलं नाही. मला या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती हीच माणसं. दलाई लामांसोबत मार्ग जाणणारे होते, पहारा देणारे होते. मागून येणाऱ्या शेतकऱ्याकडे, गुराख्याकडे, भिक्षूकडे काय होतं? पिठाची थैली, अंगावरचा लोकरी अंगरखा, पाठीवर पोर. सैनिक आणि विमानं टाळायची म्हणून दिवसा दडायचं आणि रात्री चालायचं. रात्री बर्फ गोठून कडक होतो, पाय कमी रुततो, हे त्यातलं एक भलं. पण गोठलेल्या रात्रीने बोटंही झडतात. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं खिंडींत मागे राहिली. त्यांची मोजदाद कोणी केली नाही.

खिंड उतरल्यावर सगळं निभावलं, असंही नाही. आसामात तेजपूरजवळ मिसामारीला सरकारने घाईघाईने बांबूच्या झोपड्यांची छावणी उभी केली. बंगालमध्ये भूतानच्या सीमेलगत बक्सा इथल्या जुन्या तुरुंगात भिक्षूंना ठेवलं. चार हजार मीटरवरच्या कोरड्या थंडीत वाढलेली शरीरं एप्रिल-मेच्या आसामी दमटपणात येऊन पडली. अंगावर जाड लोकर, पोटात अनोळखी अन्न, पाणी उकळून प्यायची सवय नाही, कारण त्यांच्या देशात झऱ्याचं पाणी तसंच पीत. हगवण आणि क्षयाने कितीतरी माणसं गेली. ज्यांना बर्फाने मारलं नाही त्यांतल्या अनेकांना उकाड्याने मारलं.

मग सरकारने त्यांना पुन्हा डोंगरांत पाठवलं, सिक्कीम आणि हिमाचलात रस्ते बांधायला. थंडी मिळाली, पण काम खडी फोडण्याचं आणि सुरुंगाचं होतं. दरडी कोसळून माणसं मरत होती आणि आईबापांच्या शेजारी रस्त्यावर मुलं वाढत होती. कायमची जमीन हवी, हे उघड झालं. नेहरूंनी राज्यांना विचारलं. म्हैसूर राज्याने बैलकुप्पेची जंगलजमीन देऊ केली आणि 1960 च्या अखेरीस तिथे पहिली मोठी शेती-वसाहत सुरू झाली. पुढे तेव्हाच्या मध्य प्रदेशात सरगुजाच्या मैनपाटला, ओडिशात चंद्रगिरीला, कर्नाटकात मुंडगोडला वसाहती झाल्या. मैनपाट निदान हजार मीटर उंचावर आहे, धुकं आणि गारवा आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला जी वसाहत आली तिला तसला गारवाही नव्हता.

ती वसाहत म्हणजे नॉर्ग्येलिंग. साल 1972. राज्यात वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि महाराष्ट्राचा मोठा भाग दुष्काळात होरपळायला लागला होता. त्या काळात राज्याने गोठणगावच्या जंगलातली जमीन तिबेटी कुटुंबांना दिली. सुमारे हजारभर माणसांची ही वस्ती. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण तिबेटी निर्वासित प्रशासनाच्या कागदांत वसाहत आजही भंडाऱ्याचीच म्हणून ओळखली जाते.

ही जागा का? वडशापासून नवेगावपर्यंतचा पट्टा डोळ्यांसमोर आणला की उत्तर सापडतं. इथे पाणी होतं. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळीने अठराव्या शतकात घातला असं परंपरा सांगते. कोहळी समाजाने बांधलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या गावोगाव आहेत. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण 1970 च्या सुमारास पूर्ण झालं होतं आणि त्याचं पाणी अर्जुनीपासून वडसा-आरमोरीकडच्या बांध्यांपर्यंत येऊ लागलं होतं. जंगल विरळ वस्तीचं होतं. आणि आणखी एक गोष्ट. बाहेरून आलेल्यांना जागा द्यायची या मुलखाला सवय होती. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं अर्जुनी मोरगावच्याच परिसरात अरुणनगर, गौरनगर अशी गावं वसवून राहिली होती. गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेऱ्याकडेही बंगाली वस्त्या आहेत. बंगाली माणूस मात्र भात आणि मासे घेऊनच आला होता. तलावांच्या या प्रदेशात त्याचा हात लगेच बसला.

तिबेटी माणसाचं तसं नव्हतं. तो जव पेरणारा, भाजलेल्या जवाचं पीठ चहात कालवून खाणारा, याक आणि मेंढ्या राखणारा. त्याच्यापुढे आली चिखलाची बांधी. पऱ्हे टाकायचे, मृग-आर्द्रात वाट बघायची, मग गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करायची, पाठीवर ऊन आणि पावसाच्या सरी आलटून पालटून. जळवा, साप, हिवताप. नवेगावच्या जंगलात वाघ, बिबट, अस्वल. रानडुकरं तर हाताशी आलेलं धान एका रात्रीत लोळवून टाकतात. इथल्या शेतकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेलं. तिबेट्यांना ते एका हंगामात शिकावं लागलं, आणि शिकवणारे होते शेजारचे गोंड, कोहळी, कुणबी शेतकरी आणि मजुरीला येणाऱ्या बाया. पाय कुठे कसा टाकायचा, हे खिंडीत कळणं वेगळं आणि बांधीत कळणं वेगळं. धुऱ्यावरून न घसरता चालायलाही सराव लागतो.

ते शिकले. नॉर्ग्येलिंगची शेती आज धानाची आहे. त्या धानाने पोट भरतं, पण वर्ष निघत नाही. एवढ्या जमिनीवर वाढतं कुटुंब भागणार कसं? त्याचं उत्तर त्यांना हिवाळ्याने दिलं.

तिबेटमध्ये हिवाळा हा प्रवासाचा आणि व्यापाराचा काळ असायचा. कापणी झाली, नद्या गोठल्या की मीठ-लोकर घेऊन काफिले निघायचे. भारतात आल्यावर निर्वासित बायका हाताने स्वेटर विणून रस्त्याच्या कडेला विकायला बसू लागल्या. पुढे विणकाम मागे पडलं आणि लुधियानाचा तयार माल आला. धान कापून, चुरून झालं की वसाहतींतून माणसं निघतात. लुधियानाच्या ठोक व्यापाऱ्यांकडून माल उधारीवर उचलायचा, भारतभरच्या शहरांत भाड्याच्या खोल्या घ्यायच्या, मैदानावर किंवा पदपथावर ओळीने दुकानं लावायची, आणि संक्रांतीपर्यंत विक्री करून उधारी फेडायची. हा सगळा व्यवहार मुख्यतः शब्दावर चालत आला आहे. परदेशातून हात रिकामे घेऊन आलेल्या माणसांना कोणी बँक कर्ज देत नव्हती, पण लुधियानाचा व्यापारी लाखोंचा माल देत होता, कारण मोसम संपला की पैसे येतात हा अनुभव. मला हा त्यांच्या इतिहासातला सगळ्यात अभिमानाचा भाग वाटतो.

महाराष्ट्रात नागपूर, पुणे, नाशिकपासून तालुक्याच्या गावापर्यंत लोकांनी हे बाजार पाहिले आहेत. कोणी त्यांना नेपाळी समजलं, कोणी चिनी. आपल्या कपाटातल्या लोकरी कपड्यांत त्यांच्याकडून घेतलेलं एखादं तरी असतं आणि ते विकणारी बाई आपल्याच विदर्भातल्या धानाच्या शेतातून आली असेल हे क्वचित कोणाच्या मनात येतं. उन्हाळ्यातल्या असह्य उकाड्याचा मुलूख आणि लोकरीचा धंदा, हा मेळ बाहेरून विचित्र दिसतो. आतून पाहिलं तर तो चोख आहे. विदर्भाचा हिवाळा छोटा आणि बोचरा, दिवाळीनंतर अचानक येणारा. ज्याच्याकडे वर्षभराचे गरम कपडे नसतात तोच मोसमात नवं घेतो.

आणि झाडीपट्टीचा हिवाळा तर उघड्यावरचाच. दिवाळी झाली की मंडया भरतात, वडशातल्या नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांत बुकिंगची झुंबड उडते, गावोगावच्या कापलेल्या बांध्यांत मंडप पडतो आणि रात्रभर नाटक चालतं. हजारो माणसं दवात बसतात. घोंगडी, शाल आणि स्वेटर अंगावर असल्याशिवाय तिसरा अंक कोणाला बघवणार? त्याच महिन्यांत वडशाहून नट निघतात गावांकडे आणि गोठणगावाहून विक्रेते निघतात शहरांकडे. धान घरात आलं की दोघांचीही पावलं बाहेर पडतात, मोसमाचं गणित एकच. दोघांच्याही घरी त्या काळात म्हातारे आणि शाळकरी मुलं उरतात.

विक्रेते परततात ते लोसारच्या आधी. लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष, माघ-फाल्गुनाच्या अमावास्येनंतर येणारं. गोठणगावाजवळच प्रतापगड आहे. तिथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, आणि त्याच डोंगरावर ख्वाजा उस्मान गनी हारूनींचा दर्गाही आहे. शिवरात्र अमावास्येच्या आदल्या रात्री, लोसार अमावास्येनंतर, त्यामुळे बहुतेक वर्षी हे दोन सण दोन-तीन दिवसांच्या अंतराने येतात. अधूनमधून दोन्ही पंचांगांत महिन्याचा फरक पडतो तेव्हाच ते लांब जातात. यात्रेकरू डोंगराकडे जात असतात आणि वसाहतीत पताका नव्याने बांधल्या जात असतात. यात भर म्हणजे शेजारच्या आंबेडकरी बौद्धांची बुद्धपौर्णिमा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्यानंतर या पट्ट्यातल्या गावांतही बौद्ध वस्त्या झाल्या. तिबेटी आणि आंबेडकरी यांच्या उपासनेच्या रीती खूप वेगळ्या, पण बुद्धाच्या मूर्तीपुढे दोघांनाही परकं वाटत नाही.

माणसांच्या आधीपासून एक प्रवासी हीच वाट करतो आहे. पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला करडा हंस, तिबेटच्या सरोवरांवर अंडी घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून दक्षिणेत उतरतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर त्याचे थवे उतरल्याच्या नोंदी पक्षीनिरीक्षकांनी केल्या आहेत. मारुती चितमपल्लींनी नवेगावच्या दिवसांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यामुळे या तलावांचे पाहुणे मराठी वाचकाला ओळखीचे झाले. वसाहत त्याच जंगलाला लागून आहे. तिच्यावर तेवढ्या मायेने लिहिणारा अजून यायचा आहे. आणि त्याने लवकर यावं. 1959 मध्ये जो दहा वर्षांचा होता, आईचा हात धरून खिंड ओलांडत होता, तो आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. ती चाल सांगू शकणारी माणसं झपाट्याने कमी होत आहेत.

नव्या पिढीचे पाय आणखी निराळ्या वाटेला लागले आहेत. भारतातल्या सगळ्याच वसाहतींतली तरुण माणसं शिकून बंगळूर-दिल्लीला आणि तिथून परदेशी जातात. अमेरिकेने 1990 च्या कायद्याने एक हजार तिबेट्यांना व्हिसा दिले, त्यांच्या मागून नातेवाईक गेले. कॅनडात टोरोंटोच्या पार्कडेल भागाला तर छोटा तिबेटच म्हणतात. आईबापांनी बर्फ सोडून उकाडा पत्करला आणि उकाड्यात जन्मलेली मुलं पुन्हा बर्फात गेली. तिथे मात्र बर्फावर चालणं शनिवार-रविवारचं आहे, भाड्याने मिळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाळ्या पायांत अडकवून.

जे इथेच राहिले त्यांच्यापुढचा प्रश्न कागदाचा आहे. तिबेट्यांना नोंदणी प्रमाणपत्र मिळतं आणि ते ठरावीक मुदतीने नवं करून घ्यावं लागतं. केंद्राने 2014 मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं, त्यात राज्यांनी जमिनीचे भाडेपट्टे आणि कल्याणकारी योजनांचा लाभ द्यावा असं म्हटलं. दुसरीकडे, भारतीय नागरिकत्व कायद्यानुसार 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय ठरतो. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात तसा निकाल दिला. 2014 मध्ये निवडणूक आयोगाने अशा तिबेट्यांची नावं मतदार यादीत घेण्याचे आदेश दिले. म्हणजे वसाहत वसली त्या वर्षी किंवा त्यानंतरच्या पंधरा वर्षांत गोठणगावात जन्मलेलं प्रत्येक मूल कायद्याने भारतीय. पण भारतीय पासपोर्ट घ्यायचा तर निर्वासिताचं प्रमाणपत्र परत करावं, तिबेटी वसाहतीत राहू नये आणि तिथले लाभ घेऊ नयेत, अशा अटी 2017 मध्ये पुढे आल्या. एका घरात आजोबा प्रमाणपत्रावर, वडील मतदार यादीत आणि नात परदेशी पासपोर्टवर, असं होऊ शकतं. ज्याच्या नावावर दोन एकर धान आहे आणि ज्याची म्हातारी आई घरातून हलायला तयार नाही, तो अर्ज भरायचा की नाही हे पुढच्या हंगामावर ढकलतो, आणि आषाढ लागला की रोवणीला बाया मिळतील का, याची चौकशी करायला शेजारच्या गावात जातो.